मोलगीच्या डोंगरात एक ॲप बनवलं, आणि मग ते चौदा फोनमधून काढलं

सगळं सुरू झालं ते "हात" या एका शब्दावरून. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात मोलगीच्या पुढे एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले त्याला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. पावसाळ्याचे दिवस, देवगोई घाटात धुकं, आणि एक बाई वरच्या पाड्यावरून दीड तास चालत, कडेवर बाळ घेऊन आली. ताप कधीपासून आहे ते मी मराठीत विचारलं, मग हिंदीत विचारलं, शेवटी बोटं दाखवून विचारलं. ती म्हणाली, "हात". मी बाळाचा हात बघितला. दुसरा बघितला. कोपर दाबून बघितलं, बाळ किंचाळलं, ती परत म्हणाली हात आणि मी परत हातच बघत बसले. तेवढ्यात आमच्या आशाताई आल्या, त्यांनी दारातूनच ऐकलं आणि म्हणाल्या, "मॅडम, सात म्हणतेय ती. सात दिवस झाले." इकडच्या भिलोरीत आपल्या "स" चा "ह" होतो हे मला त्या क्षणी कळलं. सात दिवसांच्या तापाचं लेकरू समोर होतं आणि मी त्याचे हात तपासत होते. मोलगीला पाठवलं, रक्त तपासलं, मलेरिया निघाला, औषधं वेळेत सुरू झाली, बाळ बरं झालं. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

मी अमळनेरची. घरी अहिराणी. लहानपणापासून ऐकत आले की आपण खानदेशी, धुळे जळगाव नंदुरबार सगळं आपलंच. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा घरच्यांनासुद्धा तेच वाटलं, लांब आहे पण आहे तर आपल्याच भागात. आणि इथे येऊन बघते तर मला आपल्याच भागातल्या बाईचा आकडा कळत नाही. आशाताई रोज सोबत असतात असं नाही, त्यांना त्यांचे पाडे आहेत, रात्री दोनला कोणी झोळीत बाई घेऊन आलं तर मीच असते. मग ठरवलं, शिकायचं. आणि हल्ली काहीही शिकायचं म्हटलं की माणूस आधी काय करतो, फोन उघडतो.

उपकेंद्रामागे एक टेकाड आहे, त्यावर एक महूचं झाड. नेटवर्क फक्त तिथे. रात्री जेवण झालं की मी टॉर्च घेऊन तिथे जाऊन बसायचे आणि शोधायचे. भिलोरी, देहवाली, वसावी, नोयरी, मावची, काय काय नावं टाकून बघितली. सापडलं ते सगळं दुसरीकडचं, पण ते बघता बघता मी त्यात इतकी गुंतले की दोन-दोन वाजायचे.

कॅनडात फर्स्ट व्हॉइसेस नावाचं काम २००३ पासून चालू आहे, ब्रिटिश कोलंबियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचं. शब्द, वाक्यं, गाणी, सगळं बोलणाऱ्यांच्याच आवाजात, आणि त्या लिप्या टाइप करायला वेगळे कीबोर्डसुद्धा. ड्युओलिंगोवर २०१८ पासून नवाहो आणि हवाईयन आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला क्रोकर नावाचं बेट आहे, तिथली इवाइजा भाषा बोलणारे दोनशेसुद्धा नाहीत, पण त्यांचं स्वतःचं फोन ॲप निघालं २०१२ च्या सुमारास, आणि त्यात वापरणाऱ्यालाही आपले शब्द आपल्या आवाजात टाकायची सोय. दोनशे माणसं! मी त्या झाडाखाली बसून हिशोब करत होते. आपल्या २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी या गटात १ कोटी ४ लाखांवर लोक मोजलेत. संथाली ७३ लाखांच्या आसपास आणि ती २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली, ते व्हायलाच हवं होतं, पण भिली तिच्याहून मोठी असून अजून बाहेर आहे. हे मला आधी माहीतच नव्हतं, आणि मी खानदेशात जन्मलेली, शिकलेली बाई आहे, याचं मला फार वाईट वाटलं.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या जनजातीय मंत्रालयाचं आदि वाणी हे भाषांतराचं ॲप आलं, चाचणी आवृत्ती. संथाली, भिली, मुंडारी, गोंडी अशा चार भाषा. मी ते उतरवून घेतलं तेव्हा खरंच आनंद झाला. आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने बनलंय, सोबत बिट्स पिलानी, हैदराबाद आणि नवा रायपूरच्या ट्रिपल आयटी, आणि झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, मेघालय इथल्या आदिवासी संशोधन संस्था. दुसऱ्या दिवशी आशाताईंना ऐकवलं. त्यांनी फोन कानाला लावून नीट ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि म्हणाल्या, "आपलीच आहे मॅडम, पण आपल्या इकडची नाही. माझी एक मामी तिकडून आलीये लग्न होऊन, ती असं बोलते." म्हणजे बघा, त्यांना समजलं बऱ्यापैकी. पण जी सासूबाई कधी घाट उतरून खाली गेली नाही तिला ते बोलून दाखवलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. यात ॲपचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. भिली ही एक भाषा म्हणून लिहितात पण ती राजस्थानापासून इथपर्यंत पसरलीये, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, दर डोंगराला वळण वेगळं. भाषांना जे जागतिक कोड देतात त्यातही वसावी वेगळी, नोयरी वेगळी, मावची वेगळी, धडगावकडच्या पावरांची पावरी तर आणखी वेगळी. एवढ्या मोठ्या कामाची कुठेतरी सुरुवात होणार, ती तिकडून झाली. आमच्या पाड्यापर्यंत यायला आम्हालाच हातपाय हलवायला लागणार होते.

मी आशाताईंना विचारलं, आपणच शब्द गोळा करूया का. त्या लगेच हो नाही म्हणाल्या. म्हणाल्या, घरी विचारते, कारभाऱ्यांना विचारते. चार दिवसांनी उत्तर आलं, करा, पण आधी आजारपणाचे शब्द करा, ते कामाचे आहेत. हे मला फार पटलं.

पहिल्या महिन्यात मी चूक केली ती अशी की मराठी शब्दकोशासारखं अ पासून सुरू केलं. अंग, अंगठा, अंगण, अंडं. माणूस कंटाळतो त्याने. शब्द विचारला की समोरचा एक शब्द देतो आणि गप्प बसतो, आणि तुम्हाला वाटतं या भाषेत शब्दच कमी आहेत, जे साफ खोटं आहे. मग वाचनात आलं की जगभर हे काम विषयवार करतात, एका बैठकीला एकच विषय, चारपाच माणसं, आणि त्यांना आपापसात बोलू द्यायचं. तसं केलं. पहिल्या दिवशी शरीर आणि दुखणं. बाया उपकेंद्राच्या ओट्यावर बसल्या, मी फक्त विचारलं की पोट कसकसं दुखतं, आणि मग मला पुढे तासभर काही विचारावंच लागलं नाही. एकीने सांगितलं की दुसरी म्हणे तसं नाही, ते वेगळं, हे बाळंतपणाचं, ते महूचं जास्त खाल्ल्याचं. मी नर्सिंगला चार वर्षं काढली, दुखण्याचे एवढे बारकावे मला कोणी शिकवले नव्हते. त्या एका दिवसात माझी तपासणी करायची पद्धत बदलली. मी आता "दुखतं का" असं विचारत नाही.

मग वरईची बैठक झाली, तिला इकडे मोर म्हणतात, ती पेरण्यापासून कांडून भगर होईपर्यंतची. मग महू वेचायची. आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर करायची. आणि होळीची, ती तर दोन रात्री चालली. काठीची राजवाडी होळी सगळ्यांना पेपरातल्या फोटोतून माहीत असते, अंगावर नक्षी काढलेले, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी भोपळे बांधलेले बुध्या. पण फोटोत काय नसतं, तर त्यातल्या प्रत्येक वस्तूला नाव आहे, आणि जो ती बांधतो त्याने आधी पाळणी पाळलेली असते, कितीतरी दिवस खाटेवर झोपायचं नाही, बायकोजवळ जायचं नाही, आणि त्या प्रत्येक नियमालासुद्धा शब्द आहे. मी लिहून घेत होते आणि मला सारखं वाटत होतं की हे फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांनी एकदा तरी बसून विचारलं असेल.

लिहिण्याचा घोळ मात्र सुरुवातीपासून होता. देवनागरीत लिहायचं हे नक्की, पोरं शाळेत तीच शिकतात. पण नाकातले स्वर, आणि एक असा अर्धवट "ह" जो मला कधी ऐकू यायचा, कधी नाही. एकाच शब्दाचं मी सोमवारी एक लिहिलं आणि गुरुवारी दुसरं. वरच्या पाड्याचा माणूस म्हणे असं, नाल्यापलीकडचा म्हणे तसं, आणि दोघं बरोबर. शेवटी आशाताईंच्या मुलाने, तो दहावीला आहे आश्रमशाळेत, तोडगा काढला. म्हणाला, मॅडम, आवाज खरा धरा, लिहिलेलं फक्त शोधण्यापुरतं. आणि आवाजाखाली पाड्याचं नाव टाका. तेच शेवटपर्यंत ठेवलं.

आवाजाचं एक अजून सांगते कारण कोणाला असं काम करायचं असेल तर उपयोगी पडेल. म्हातारी माणसं भरभर बोलतात, दात नसतात, मागे कोंबडं ओरडतं, आणि नंतर ऐकताना काही कळत नाही. आयकुमा नावाचं एक ॲप स्टीव्हन बर्ड नावाच्या संशोधकाने अशाच कामासाठी बनवलं होतं, त्याची युक्ती साधी होती. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं थोडं थोडं वाजवायचं आणि तीच भाषा येणाऱ्या तरुणाने तेच शब्द हळू, स्पष्ट पुन्हा बोलायचे. मग तिसऱ्यांदा त्याचं भाषांतर, तेही तोंडीच. लिहिणं सगळ्यात शेवटी. आम्ही ते ॲप वापरलं नाही, दोन साधे फोन घेतले, एकावर वाजवायचं आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचं, पण युक्ती तीच. पोरगा हळू बोलायचा आणि त्याची आजी बाजूला बसून प्रत्येक शब्दाला मान डोलवायची किंवा त्याला थांबवायची. असे कितीतरी शब्द निघाले जे त्याला माहीतच नव्हते. आजी तेव्हा त्याच्यावर चिडायची, आणि तो खाली मान घालून परत बोलायचा.

ॲप बनवायचं काम माझ्या धाकट्या भावाने केलं, तो जळगावला इंजिनिअरिंगला आहे. एसआयएल या संस्थेचं डिक्शनरी ॲप बिल्डर म्हणून एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात शब्दांची फाईल, आवाज, चित्रं टाकली की अँड्रॉइडचं ॲप तयार होतं, कोडिंग यावं लागत नाही. पण फाईल ठरलेल्या साच्यात लागते. आम्ही जो साचा घेतला त्यात प्रत्येक ओळीच्या आधी उलटी तिरकी रेघ आणि दोन इंग्रजी अक्षरं, शब्दाला वेगळी, अर्थाला वेगळी, आवाजाला वेगळी. माझ्या वहीतले ६१२ शब्द तसे टाइप करायला दिवाळीची सगळी सुट्टी गेली. फोनने आवाज एका प्रकारात साठवलेले, ते सगळे एमपी३ करायचे, प्रत्येकाला इंग्रजी अक्षरात नाव द्यायचं, नाव एका अक्षराने चुकलं की तो शब्द मुका. भावाने एकही दिवस कंटाळा केला नाही. त्याची परीक्षा होती, तरी रात्री बसायचा.

आणि मुख्य अट माझी एकच होती, नेटशिवाय चाललं पाहिजे. पाड्यावर नेट नाही. जे ॲप उघडल्यावर गोल गोल फिरत बसतं ते इथे कोणाच्या कामाचं नाही. आमचं ॲप ४० एमबीच्या आत बसलं, मी नोव्हेंबरात ते फोनमध्ये घेऊन आले आणि ब्लूटूथने, नाहीतर जवळच्या जवळ फाईल पाठवतात तसं, एकेकाला दिलं. इन्स्टॉल करताना फोन लाल इशारा दाखवतो की हे अनोळखी ॲप आहे, धोकादायक असू शकतं, तेव्हा लोक घाबरतात, त्यांना समजावून सांगावं लागतं. आशाताई, दुसऱ्या दोन आशा, अंगणवाडीताई, आश्रमशाळेतली मुलं, एक गुरुजी, असे मिळून चौदा फोन. मी रोज रात्री त्यावर वीस शब्द पाठ करायचे. डिसेंबरात पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईला मी तिच्या भाषेत विचारलं की रात्री धाप लागते का, आणि तिने उत्तर दिलं, जणू काही विशेष घडलंच नाही, आणि मला तेच हवं होतं.

आता जे सांगायचंय ते यापुढे आहे.

जानेवारीत एक बाबा आले. आमच्या गोष्टी सांगणाऱ्यांपैकी ते सगळ्यात जाणते. त्यांनी मला याहा मोगीचं सांगितलं होतं, देवमोगरा मातेचं. याहा म्हणजे आई. गुजरातेत सागबारा तालुक्यात तिचं ठाणं आहे, महाशिवरात्रीला इथून लोक पायी जातात, नवं धान्य टोपलीत घेऊन. गुलाम महाराजांचं सांगितलं होतं, तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे, ज्यांनी १९३० च्या दशकात आरती सुरू केली, दारू सोडायला लावली आणि एकमेकांना "आप" म्हणायला शिकवलं. इकडे आजही लोक भेटले की "आप की जय" म्हणतात आणि मला वाटायचं ती हिंदीतली नुसती नमस्काराची पद्धत आहे. ज्यांना सावकारापासून शिपायापर्यंत सगळे अरेतुरे करायचे त्यांनी एकमेकांना आप म्हणायचं, हे बाबांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

तर ते बाबा थंडीत दहा किलोमीटर चालत आले. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, मी त्या रात्री एक जास्त सांगितलं. ती जी देवाची गोष्ट आहे ती त्याच वेळी सांगतात, आणि ज्यांनी सांगायची त्यांनीच सांगायची. मी बोलण्याच्या भरात बोलून गेलो. नातू सांगतो ती मोबाईलमध्ये बोलते, दिवसा पण, कुठेही, पोरं जेवताना लावतात. ती काढून टाका. ती गोष्ट कुठली ते मी इथे लिहिणार नाही.

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते माझी माफी मागत होते! मी त्यांची परवानगी घेतली होती हे खरं, रेकॉर्ड करू का विचारलं होतं आणि ते हो म्हणाले होते. पण मी हे नव्हतं सांगितलं की हे चौदा फोनमध्ये जाईल, केव्हाही वाजेल, आणि कोणी पुढे पाठवलं तर त्यावर माझाही ताबा नसेल. अर्धीच गोष्ट सांगून घेतलेल्या होकाराला परवानगी म्हणता येत नाही. आम्ही ऑपरेशनच्या आधी पेशंटची सही घेतो तेव्हा सगळं समजावून सांगितल्याशिवाय सही घ्यायची नाही हे मी स्वतः दुसऱ्यांना शिकवते. इथे मी तेच केलं नाही.

भावाला फोन लावला, ती गोष्ट काढ आणि नवीन आवृत्ती पाठव. तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, ताई, अडचण आहे. डिसेंबरात त्याचा लॅपटॉप बिघडला होता, सगळं पुसून नव्याने टाकावं लागलं. शब्दांची फाईल, आवाज, सगळं पेनड्राइव्हवर होतं, पण कीस्टोर नव्हता. कीस्टोर म्हणजे ॲपवर मारलेला शिक्का म्हणा, तोच शिक्का असेल तर फोन नवीन आवृत्ती जुन्यावर चढू देतो, नाहीतर अडवतो. त्यात त्याचा दोष नाही, मीही कधी विचारलं नव्हतं की अजून काय जपून ठेवायचंय. पण अर्थ एवढाच की घरबसल्या काही होणार नव्हतं. प्रत्येक फोन हातात घेऊन जुनं ॲप काढायचं, सोबत ती मूळ फाईल जिथे असेल तिथून पुसायची, आणि मग नवीन टाकायचं.

गेले. दुसरा मार्गच नव्हता. तीन रविवार आणि मधल्या दोन संध्याकाळी. आशाताई सगळीकडे सोबत होत्या. काही फोन लगेच मिळाले. दोन फोन ऊसतोडीला गेलेल्या माणसांबरोबर गुजरातेत होते, त्यांना आशाताईंच्या मुलाने कॉल करून एकेक बटण सांगत पुसायला लावलं आणि स्क्रीनचा फोटो मागवला. एका पोराने ती गोष्ट त्याच्या मामाला पाठवली होती, मग मामाचा पाडा. तिथे नदीच्या बाजूला उतरायला रस्ता नाही, पायवाट, पावसात तर ती पण नसते. मामाने फोन देताना विचारलं की एवढ्यासाठी आलात का, आणि आशाताईंनी त्याला काय सांगितलं ते मला सगळं कळलं. माझी भाषा तेवढी झाली होती तोवर. त्या म्हणाल्या, बाबांनी बोलावलंय परत, म्हणून घ्यायला आलोय. गोष्ट परत घ्यायला. मला मराठीत कधी सुचलं नसतं हे.

शेवटचा फोन झाला तेव्हा मी बाबांकडे गेले आणि माझ्या फोनमधलं, पेनड्राइव्हवरचं त्यांच्यासमोर पुसलं. त्यांनी त्यांच्या नातवाला ते बघायला बसवलं होतं.

त्याच दिवसांत मी मुकुर्तूबद्दल वाचलं. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक भागातल्या वारुमुंगू लोकांसोबत बनलेली ही व्यवस्था आहे, त्यांचे जुने फोटो, गोष्टी, आवाज ठेवायची. मुकुर्तू म्हणजे त्यांच्या भाषेत जपायच्या वस्तू ठेवायची पिशवी, ती जाणत्यांच्या ताब्यात असते आणि कोणाला आतलं काय बघायला मिळेल ते ते ठरवतात. तसंच त्या संगणकातही, प्रत्येक वस्तूला कोण बघू शकतं ते समाज ठरवतो, बाई की पुरुष, कुठल्या घराण्याचा, कुठल्या वेळी. फर्स्ट व्हॉइसेसमध्येसुद्धा काही गोष्टी सगळ्यांना आणि काही फक्त त्या लोकांना, असं ठेवता येतं. म्हणजे आमच्या बाबांनी जे सांगितलं ते जगात दुसऱ्या टोकाला लोकांनी आधीच ओळखून त्यावर रचना केली होती. मी हे आधी वाचलं असतं तर. मी शब्दांची ॲप बघत राहिले, किती शब्द, कसा आवाज, कसा रंग, आणि कुलूप कुणाकडे हे बघितलंच नाही.

बाबांना मी त्या पिशवीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, ती कशाची विणलेली असते. मला सांगता आलं नाही, शोधून सांगते म्हटलं.

आता दुसऱ्या आवृत्तीचं काम चालू आहे. यावेळी बैठक आधी कारभाऱ्यांच्या ओट्यावर झाली आणि तीन वह्या केल्या. एक वही ॲपमध्ये जाणारी, सगळ्यांसाठी, आजारपण, शेती, घर, नातीगोती, बाजार, आणि गुलाम महाराजांची हकीकत, कारण ती तर सगळ्यांना कळलीच पाहिजे असं बाबाच म्हणाले. दुसरी वही पाड्यापुरती, तिचे आवाज एका मेमरी कार्डात, कार्ड कारभाऱ्यांकडे. तिसरी वही कोरी आहे. म्हणजे जे लिहायचंच नाही त्याची वही, असं आशाताईंच्या सासूबाईंनी ठेवायला सांगितलं, आणि ती खरंच इतर दोन वह्यांसोबत ठेवलेली असते. कीस्टोर आता तीन ठिकाणी आहे, आणि त्याचा पासवर्ड एका पाकिटात.

या सगळ्यात घरी एकदा काय झालं ते सांगायचं राहिलं. संक्रांतीला अमळनेरला गेले होते, ओसरीवर बसून ॲप लावून शब्द घोकत होते, आई भाकरी थापत होती. ती तशीच थापता थापता म्हणाली, "अवं माय, तू तठे भिलासनी बोली शिकी ऱ्हायनी, ते चांगलंच शे. पन घरमां आपली बोलानी लाज वाटस का तुले?" मी उत्तर मराठीत दिलं. आणि देता देताच माझं मला ऐकू आलं. कॉलेजला गेल्यापासून मी आईशी मराठीत बोलते, ती अहिराणीत बोलते, बारा वर्षं हे असं चाललंय आणि मला ते कधी जाणवलं नव्हतं. खानदेशी या नावाखाली २०११ ला साडेअठरा लाख लोक मोजले गेलेत, त्यात आमचं घर असणार, पण माझ्या रकान्यात वडिलांनी काय सांगितलं असेल काय माहीत. भावाने मग ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा खंड शोधून दिला, १९०७ चा, नेटवर स्कॅन आहे. त्यात भिली भाषा आणि खानदेशी एकाच पुस्तकात, शेजारी शेजारी बसवल्यात. अमळनेर आणि मोलगी. मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले होते.

त्या रात्री मी आईला म्हटलं, "माय, माले सांग, चुल्हाजोगे जे जे शे त्यासनी नावं सांग." ती हसली आधी, मग सुरू झाली, खापरापासून. फोन मध्ये ठेवला होता. आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबायच्या आधी मी तिला सगळं नीट सांगितलं, हे कुठे जाईल, कोण ऐकेल, नको वाटलं तर कधीही काढायला सांग. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मांड्यांचं सगळं टाक, पण तुझ्या आजीने मला माझ्या लग्नात जे गाणं सांगितलं ते नाही, ते मी तुला तुझ्या वेळेला सांगेन.